टबाचा हिशेब आणि घरातल्या गोष्टी

आमच्या धाराशिव जिल्ह्यात दगडी कोळसा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. (किल्लारी आज लातूर जिल्ह्यात आहे, पण १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं.) वरचे ३३८ मीटर नुसता काळा बेसाल्ट, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली थेट अतिप्राचीन कठीण खडक. भारतातला बहुतेक कोळसा ज्या गोंडवाना थरांमध्ये मिळतो, ते थर तिथे नाहीतच. आमच्याकडे जुनी माणसं 'कोळसा' म्हणायची ती लोणारी कोळशाला, म्हणजे बाभळीच्या लाकडाच्या. दगडी कोळसा दिसायचा तो रेल्वेच्या इंजिनात. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी आधी तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. हे तडवळे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर मग कोळसा खाणीतल्या माणसांच्या घरादारावर लिहायची खाज मला का? गेले काही वीकएंड खाणमजुरांबद्दलचे जुने अहवाल वाचत होतो आणि वाचताना एकच शब्द सारखा डोक्यात येत होता. तो शब्द म्हणजे 'कोयता'.

एक कोयता म्हणजे किती माणसं?

मराठवाड्याबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. कळंब, भूम, वाशीकडून किंवा शेजारच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लोक ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. नवरा ऊस तोडतो, बायको वाढं साळते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. पैसे टनावर. हिशेब होतो तो जोडीचा आणि तो बहुतेकदा नवऱ्याच्या नावाने मांडला जातो. त्यात बाईचे किती, हा प्रश्न त्या वहीत बसतच नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर त्या टेबलात तो कॉलमच नाही.

आता शंभर वर्षं मागे जाऊ आणि हीच जोडी जमिनीखाली नेऊ. नवरा, म्हणजे 'मलकट्टा', सब्बल आणि टिकाव घेऊन कोळसा फोडतो. बायको तो टोपलीत भरते, डोक्यावरून टबापर्यंत नेते आणि टब भरते. टब म्हणजे रुळांवरून चालणारी लोखंडी डब्यासारखी गाडी. पैसे टबावर, टब जोडीचा, हिशेबात नाव नवऱ्याचं. अशा बायकांना झरिया-राणीगंजकडे 'कामिन' म्हणत. आपल्याकडे नागपूर-छत्तीसगडच्या बाजूला बाईमजुराला 'रेजा' म्हणतात, तो शब्द तर आजही बांधकामावर ऐकू येतो.

दोन्हीकडे कुटुंब हेच मजुरीचं एकक. मला यात उत्सुकता वाटली ती अशी, की ज्या बाईचं काम वहीत लिहिलं जात नाही ते मग राहतं कुठे? माझं उत्तर: ते गोष्टींत राहतं. आणि गोष्टी सांगणारं माणूस गेलं की तेही जातं.

मराठी मुलखातला कोळसा

आपला कोळसा मुख्यतः वर्धा नदीच्या खोऱ्यात आणि नागपूरच्या आसपास. वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू झाली, तिच्यासाठी वर्धा ते वरोरा रेल्वे टाकली गेली ती १८७७ मध्ये. (आज वरोरा म्हटलं की बाबा आमट्यांचं आनंदवन आठवतं, पण त्याआधी कित्येक वर्षं ते कोळशाचं गाव होतं.) ती खाण १९०६ मध्ये बंद पडली, तोवर बल्लारपूर पुढे आलं होतं. मग घुग्घुस, माजरी, चंद्रपूर शहराला लागूनच असलेल्या लालपेठ आणि महाकाली, नागपूरकडे कामठी-कन्हान, उमरेड. शिवाय छिंदवाड्याचं पेंच-कन्हान खोरं. ते आज मध्य प्रदेशात आहे, पण १९५६ पर्यंत नागपूर हीच त्या प्रांताची राजधानी होती.

एक गंमत बघा. वर्धा नदीच्या पलीकडचा राजुरा तालुका आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) दोन्ही एकाच राज्यात, निजामाच्या. राजुरा तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता, १९५६ मध्ये तो नांदेडला जोडला आणि १९५९ मध्ये चांद्याला. म्हणजे तीन वर्षं कागदोपत्री तो मराठवाड्याचा तालुका होता!

या खाणींवर माणसं कुठून कुठून आली. आसपासच्या गावांतली मराठी माणसं, गोंड, तेलुगू, छत्तीसगडी, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोरखपूरकडून भरती केलेले मजूर. त्यामुळे 'कॉलरी' (विदर्भात खाणीच्या वस्तीला हाच शब्द) म्हणजे एक बोलीभाषांची खिचडी. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि खाणीत तिसरीच. खाणीतल्या भाषेत हॉलेज, इन्क्लाइन, ओव्हरमन, सिरदार असे शब्द सगळ्यांचे सारखे. एका खोलीची घरं, पुढे ओटा. सकाळ-संध्याकाळ शेगड्या पेटवून दारात ठेवायच्या, कारण दगडी कोळशाचा पहिला धूर घरात घेऊन चालत नाही. निखारा लाल झाला की शेगडी आत. घड्याळ म्हणजे भोंगा. पोराबाळांच्या झोपासुद्धा पाळीप्रमाणे. बाप तिसऱ्या पाळीला असेल तर दिवसा घरात आवाज करायचा नाही, एका खोलीत तो झोपलेला असायचा.

आणि भोंगा अवेळी वाजला की सगळ्या बायका घर टाकून खाणीच्या तोंडाशी. १० डिसेंबर १९५४ ला छिंदवाडा जिल्ह्यात न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसलं आणि साठहून अधिक माणसं गेली. अशा एका दिवसानंतर आसपासच्या सगळ्या वस्त्यांमध्ये अवेळी भोंग्याचा अर्थ शिकवायला लागत नाही.

आत, बाहेर, आत, बाहेर

आता मूळ मुद्द्याकडे. बायका खाली जात होत्या तोवर खाण ही घरातल्या दोघांनाही माहीत होती. मुलंही जात. १९२३ च्या खाण कायद्याने तेरा वर्षांखालच्या मुलांना जमिनीखाली नेण्यास बंदी केली, याचा अर्थ बंदी घालावी इतकी ती जात होती.

मग १९२९ मध्ये सरकारने बायकांना भूमिगत कामावरून काढायचं ठरवलं. पण बंगाल, बिहार-ओरिसा आणि आपल्या मध्य प्रांतातल्या कोळसा खाणी बायकांच्या श्रमावर इतक्या अवलंबून होत्या की त्यांना एकदम बंदी लागू करता येईना. म्हणून टप्पे पाडले. सुरुवातीला बायकांचं प्रमाण २९ टक्क्यांपर्यंत चालेल, मग दरवर्षी ३ टक्क्यांनी कमी करायचं आणि १९३९ पर्यंत शून्य. (सॉफ्टवेअरमध्ये जुनं फीचर आपण असंच 'डिप्रिकेट' करतो. फक्त इथे फीचर म्हणजे माणसं होती.) मधेच १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा बायकांच्या भूमिगत कामाविरुद्धचा करार झाला आणि भारताने मुदत अलीकडे ओढून १ जुलै १९३७ ला बंदी पूर्ण केली.

हेतू चांगला होता यात वाद नाही. इंग्लंडने हेच १८४२ मध्ये केलं होतं. पण हिशेब मांडून बघा. पैसे टबावर, आणि टब भरणारी बाई आता घरी. नवऱ्याला भरणारा दुसरा माणूस हवा, त्याला वाटा द्यायचा. म्हणजे घरातली एक मजुरी कमी आणि वर खर्च. तिची मजुरी वेगळी लिहिलीच नव्हती, त्यामुळे ती बुडाली हेही कुणाच्या वहीत दिसलं नाही.

पुढचा अंक युद्धाचा. विमानतळ आणि रस्त्यांच्या कामांवर जास्त मजुरी मिळू लागली तसे मजूर खाणी सोडून गेले आणि कोळशाची ओरड झाली. तेव्हा सरकारने बंदी उठवली, आणि पहिल्यांदा उठवली ती आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात, ऑगस्ट १९४३ मध्ये. बंगाल-बिहारचा नंबर नंतर लागला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अखिल भारतीय महिला परिषदेने निषेध केला, विलायतेतही टीका झाली. बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये झरियाच्या कोळसा क्षेत्रात जाऊन स्वतः खाणीत उतरले. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी निर्णयाची बाजू मांडली ती दोन पायांवर. एक, हा आणीबाणीपुरता उपाय आहे. दोन, खाली काम करणाऱ्या बाईला पुरुषाइतकंच वेतन मिळेल.

हा दुसरा मुद्दा मला फार मोठा वाटतो. इतकी वर्षं जोडीच्या हिशेबात विरघळलेली बाई इथे पहिल्यांदा स्वतंत्र रकान्यात आली. खाणीवर पाळणाघरं, बाळंतपणाची मदत, मजूर कल्याण निधी या गोष्टीही त्याच दोन-तीन वर्षांतल्या. १ फेब्रुवारी १९४६ ला बंदी पुन्हा लागू झाली आणि १९५२ च्या खाण कायद्याने ती पक्की केली.

आता तडवळे. झरियाच्या त्या भेटीच्या पावणेतीन वर्षं आधी, २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला बाबासाहेब आमच्या कसबे तडवळ्याला आले होते. निमित्त होतं महार-मांग वतनदार परिषदेचं. वतनाचं काम तरी काय वेगळं होतं? वतन घराण्याच्या नावाने, राबायचं घरातल्या सगळ्यांनी, आणि कुणी किती राबलं याची नोंद नाही. वतनाविरुद्ध ते १९२० च्या दशकापासून लढत होते. घरादाराला एकच गठ्ठा धरून कामाला लावण्याची पद्धत त्यांना खाणीत उतरल्यावर नवीन वाटली असेल, असं मला वाटत नाही. (हा माझा तर्क. पण तडवळे ते झरिया ही रेघ मला तरी स्पष्ट दिसते.)

गोष्ट म्हणजे खाणीचं डॉक्युमेंटेशन

१९३७ नंतर घरात काय बदललं असेल? माझं वाचन असं आहे की त्याआधी नवरा-बायकोला खाणीबद्दल एकमेकांना फार सांगायची गरज नव्हती. अंधार दोघांच्या ओळखीचा होता. नंतर मात्र खाण घरात आली ती गोष्टीच्या रूपात, आणि ती सांगणार एकटा पुरुष. काय सांगायचं आणि काय गाळायचं, तोच ठरवणार.

खाणीतल्या गोष्टी म्हणजे नुसता टाइमपास नसतो. आमच्याकडे एखादा सर्व्हर पडला की नंतर बसून 'काय झालं, का झालं' लिहून काढतात, नव्या पोरांनी ते वाचायचं असतं. जिथे बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं तिथे हेच काम गोष्टी करायच्या. काही नमुने बघा.

लाकूड बोलतं. खाणीत छताला टेकू म्हणून लाकडाचे खांब लावत. भार वाढला की लाकूड मोडायच्या आधी करकरतं, त्यामुळे जगभरच्या जुन्या खाणकामगारांचा लोखंडापेक्षा लाकडावर जास्त भरवसा. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या खाणीत ठकठक करून सावध करणारी छोटी भुतं असत, अशी समजूत होती. ती माणसांबरोबर अमेरिकेतही गेली. त्या भुतांचं मूळ या करकरण्यातच असावं.

छत वाजवून बघायचं. सळईने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर मागे सरका. बाजारात मडकं घेताना बाई बोटाने वाजवून बघते ना, अगदी तसं. खाली गेलेल्या बाईला ही विद्या वेगळी शिकवावी लागली नसेल.

उंदीर मारायचा नाही, त्याला भाकरीचा तुकडा टाकायचा. उंदीर पळायला लागले की माणसाने विचारत बसू नये. आणि दिवा. वायू साचला की सुरक्षा-दिव्याची ज्योत बदलते, प्राणवायू कमी झाला की विझते. 'ज्योत निळी पडली आणि म्हातारा पळाला म्हणून वाचला' अशा धाटणीची एक गोष्ट ऐकलेला पोरगा पहिल्या दिवशी दिव्याकडे बघतच आत जातो.

मग देवाच्या गोष्टी. झरिया-राणीगंजला खाणीच्या तोंडाशी काली असते. चंद्रपुरात तर खाणीचंच नाव महाकाली कॉलरी, आणि शहराची देवता महाकाली. तिच्या चैत्रातल्या यात्रेला मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, लोक जातात. जमिनीच्या पोटात शिरायचं तर आईची परवानगी घ्यावी, हे तुळजाभवानीच्या जिल्ह्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. शिवाय वाघाच्या गोष्टी आहेतच. दुर्गापूरच्या खाणी ताडोबाच्या जंगलाला खेटून आहेत, तिथे रात्रपाळीच्या माणसाला वाघ भेटणं ही नुसती दंतकथा नव्हे.

आणि शेवटचा प्रकार, न सांगितलेल्या गोष्टींचा. आज छत कुठे पडलं आणि मी किती हातांवर होतो, हे घरी सांगायचं नाही. ती गोष्ट ओट्यावर चार पुरुषांत होते, चुलीपाशी होत नाही. बाई मात्र अंगावरच्या खरचटण्यावरून, न संपलेल्या डब्यावरून ओळखते. जी स्वतः खाली जाऊन आली होती तिला फसवणं अवघड असणार. तिच्या मुलीला किंवा सुनेला, जिने खाण कधी पाहिलीच नाही, तिला सोपं. माझ्या मते बंदीने घरातून मजुरीबरोबर ही ओळखही काढून घेतली.

जपानच्या आज्या

हाच खेळ जपानमध्येही झाला होता. क्यूशू बेटावरच्या चिकुहो खोऱ्यात नवरा कोळसा फोडायचा, बायको मागे राहून ओढायची. या दोन कामांना तिथे वेगळी नावंच होती, 'साकियामा' म्हणजे पुढचा आणि 'आतोयामा' म्हणजे मागचा. त्या खोऱ्यात यामामोतो साकुबेई (१८९२-१९८४) नावाचा एक खाणकामगार होता. आयुष्य खाणीत गेलं. साठी उलटल्यावर त्याने हातात कुंचला घेतला, कारण नातवंडांना कळावं की आपण काय काम करत होतो. त्याच्या चित्रांत अर्धनग्न नवरा-बायको दिव्याच्या उजेडात राबताना दिसतात, खाणीवरच्या आंघोळी दिसतात, भांडणं, जुगार, भुतंखेतं दिसतात. शेजारी त्याच्याच अक्षरात माहिती. २०११ मध्ये युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत ही चित्रं गेली, जपानकडून या यादीत गेलेली ती पहिलीच नोंद.

आणि मोरिसाकी काझुए या लेखिकेने त्याच खोऱ्यातल्या म्हाताऱ्या खाणकामगार बायकांशी बसून गप्पा मारल्या आणि १९६१ मध्ये 'माक्कुरा' हे पुस्तक केलं. शब्दाचा अर्थ मिट्ट काळोख. त्या बायका त्यात स्वतः बोलतात.

आपल्याकडे असं करायला माणसं नव्हती असं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. दळणारी बाई काय बोलते हे ऐकण्यासारखं आहे, एवढं त्यांना पटलं म्हणून हे झालं. कोळशाबद्दल आपल्याकडे अहवाल आहेत. १९४० च्या दशकातल्या रेगे समितीसाठी एस. आर. देशपांडे यांनी कोळसा खाणमजुरांची तपशीलवार पाहणी केली. मजुरी, घरं, कर्ज, सगळं त्यात मिळतं. पण अहवालात बाई 'टक्के' म्हणून येते आणि गोष्टीत नाव घेऊन येते.

आता काय?

१९७३ मध्ये आपल्या इकडच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये नागपूरला वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. पगार वाढला, पक्की क्वार्टर्स झाली, पोरं शिकली. आज बहुतेक कोळसा उघड्या खाणीतून निघतो, तिथे अंधार नाही, टब नाही, टोपली नाही. डंपर आहेत. उघड्या खाणीच्या गोष्टी वेगळ्या, त्या गेलेल्या शेताच्या आणि उठलेल्या गावाच्या. २०१९ मध्ये बायकांना पुन्हा भूमिगत खाणीत जायला परवानगी मिळाली, तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी. १९४६ च्या जानेवारीत विशीची असलेली बाई ते बघायला असती तर नव्वदी ओलांडलेली असती. चंद्रपूरकडच्या कुणाच्या घरात अशी पणजी होऊन गेली असेल तर तिच्या ऐकलेल्या गोष्टी लिहून ठेवा, अगदी चार ओळी असल्या तरी चालतील.

आणि आमच्याकडच्यांनी? कोयता अजून चालू आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची बातमी आली, सरकारने समिती नेमली, आकडे आले. आकडे हवेतच, त्याशिवाय विधानसभेत कुणी ऐकत नाही. पण पाळी आली तरी खाडा परवडत नाही, खाडा केला तर मुकादम कापतो, म्हणून पिशवीच काढून टाकायची, हा हिशेब कोणत्या टेबलात होता? तो कोपीतल्या बायकांच्या बोलण्यात कित्येक हंगाम चालू होता. ऐकणारं कुणी बसलं नव्हतं.

तडवळ्याच्या रुळांवर आता कोळशाचं इंजिन नाही, अडीच फुटी गाडीही नाही, रुंद झालेल्या रुळांवरून एक्सप्रेस जातात. दसऱ्यानंतर कधी त्या बाजूने गेलात तर रस्त्यावर कोयत्यांनी भरलेले ट्रॅक्टर दिसतील. त्यात प्रत्येक कोयत्यामागे दोन माणसं आहेत. मोजताना दोन मोजा.